टिळकवाडीतला वरचा मजला की जांबोटीचं घर? होमस्टेची सुरुवात कुठून करू?

जांबोटीची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ राहतो. वरचा भाडेकरू बदली होऊन गेला, तेव्हापासून वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम, जिना बाहेरून. दुसरीकडे माहेरचं कौलारू घर, जांबोटीच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत. तिथं आई-बाबा दोघंच असतात, भाऊ पुण्याला. शनिवार-रविवार गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्यानं पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. यातली चार माणसं आमच्या पडवीत उतरली, आईच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन गेली तर घराला जाग येईल आणि दोघांना चार पैसेही मिळतील, असं मनात आहे.

आमचे हे म्हणतात, सरळ दुसरा भाडेकरू बघूया, कटकट नको. मला मात्र रोजच्या भाड्यानं द्यायचं आहे, वर टिळकवाडीत नाहीतर गावाकडे. कुठून सुरू करू? कागद काय लागतात? सुरुवातीला किती पैसे घालावेत? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ज्यांनी बंद केलंय त्यांनी तर जरूर सांगा.

राकसकोप
टिळकवाडी. डोळ्यासमोरचं घर सांभाळता येतं.

निपाणी_नाका
तुमच्या ह्यांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. हिशेब मांडूया. समजा भाडेकरू महिन्याला १४ हजार देतोय. आता तोच मजला रात्रीला १,५०० नं दिला आणि महिन्यातल्या १५ रात्री भरल्या, तर २२,५०० झाले. बुकिंगच्या साईटचं कमिशन १५ टक्के धरा, ३,३७५ गेले. पाहुणे आठ वेळा बदलले तर साफसफाईच्या बाईला दर खेपेला २०० प्रमाणे १,६००, चादरी-टॉवेल धुलाई १५० प्रमाणे १,२००. लाईट, वायफाय, गॅस, पाण्याचा कॅन मिळून अडीच हजार. हातात १३,८२५. म्हणजे अर्धा महिना भरला तर तुम्ही जेमतेम भाडेकरूपर्यंत पोचलात. पंधरावरच्या रात्री भरल्या तर तो तुमच्या मेहनतीचा पैसा. त्या रात्री कशा भरणार, ते आधी ठरवा, मग चादरी घ्या.

शहापूरची_सून
@निपाणी_नाका, हिशेब बरोबर आहे, पण एक धरलं नाहीत. भाडेकरू असला की गणपतीला, लग्नकार्याला आपल्याच माणसांना वरचा मजला मिळत नाही. रोजच्या भाड्यात त्या तारखा आपण बंद ठेवतो. आमच्याकडे शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीला परगावी गेलेली सगळी पोरं येतात, तेव्हा घर घरच्यांसाठीच. तेवढ्यासाठी तरी मी भाडेकरू ठेवणार नाही.

घाटवाट
कणकुंबीच्या अलीकडे आमचं घर आहे, पाहुणे घेतो. जरा सविस्तर लिहितो, कारण गावाकडचं चित्र लोकांच्या मनात फोटोतलं असतं.

पाऊस आधी. कणकुंबी-आमगाव भागात पडतो तसा पाऊस जिल्ह्यात दुसरीकडे कुठं नाही. नेमका त्याच दिवसांत पाहुणा यायला बघतो, कारण त्याला धुकं आणि हिरवळ पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच घर सगळ्यात अवघड असतं. शाकारणी मे महिन्यात झालीच पाहिजे. कौलं परतून घ्या, फुटकी बदला, वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडणार नाही असं बघा. मातीच्या भिंतीला खालून ओल चढली की खोलीला वास येतो, आणि तो वास अगरबत्तीनं जात नाही. कापसाची गादी तर ठेवूच नका. जुलैत ती इतकं पाणी पिते की ऑगस्टात दोघांनी उचलली तरी हलत नाही. फोमची गादी, वर चेन असलेलं पाणी न शिरणारं कव्हर, त्यावर चादर. उश्या-गोधड्या चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायची आमच्या आजीची पद्धत होती. आम्ही अजून तसंच करतो, धुराचा वास लागू नये म्हणून गोधड्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो एवढंच.

लाईट. वाऱ्यानं तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस लाईट नसते. इन्व्हर्टर पाहिजेच, पण त्यावर गिझर चालत नाही हे पाहुण्याला कळत नाही. म्हणून न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब. सकाळी सहाला पेटवला की आठपर्यंत पाच-सहा माणसांच्या अंघोळी होतात, आणि शहरातली पोरं त्या बंबाचेच फोटो काढत बसतात.

नेटवर्क. घरात येत नसेल तर लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहा की येत नाही. घरून काम करणारे चार दिवसांसाठी येतात आणि दुसऱ्याच दिवशी पैसे परत मागतात.

आणि संडास. जुन्या घरात तो मागच्या अंगणात असतो. रात्री पावसात छत्री धरून कुणी जाणार नाही. खोलीला लागून संडास-बाथरूम बांधणं हाच गावाकडचा सगळ्यात मोठा खर्च. बाकी सगळं हळूहळू करता येतं, हे आधी.

जांबोटीची_लेक
@घाटवाट, अगदी आमच्याच घराचं वर्णन केलंत. संडास मागच्या अंगणातच आहे, आणि गोधड्या माळ्यावर. @निपाणी_नाका, हिशेब ह्यांना वाचून दाखवला, ते फार खूश झाले. आता रात्री कशा भरायच्या ते सांगा, म्हणजे मीही खूश होईन.

कॅम्पातला
बेळगाव शहरात पर्यटक म्हणून येणारा माणूस कमी, कामानं येणारा जास्त. तो कोण ते मी सांगतो, बाकी तुम्ही ठरवा.

मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रिक्रुटांची कसम परेड असली की साताऱ्या-सांगलीपासून आई-वडील येतात, सोबत आजी, मामा, धाकटी भावंडं. सहा-सात माणसांना लॉजमध्ये दोन खोल्या घ्याव्या लागतात. तुमच्यासारखा अख्खा मजला त्यांना सोयीचा. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथंही तेच. व्हीटीयू (तांत्रिक विद्यापीठ) आणि इंजिनिअरिंग, मेडिकलच्या कॉलेजांत मुलांना सोडायला आलेले पालक जुलै-ऑगस्टात असतात. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गावातल्या लॉजमध्ये खोली मिळत नाही, त्या दिवसांचं बुकिंग आधीपासून घ्या.

आणि सगळ्यात कायमचा पाहुणा दवाखान्याचा. केएलई आणि गावातल्या बाकीच्या दवाखान्यांत चंदगड, दोडामार्ग, सावंतवाडी, गोव्यापासून माणसं येतात. पेशंट आत असतो, नातेवाईक आठवडा आठवडा बाहेर. त्यांना टीव्ही नको, पेज करायला शेगडी पाहिजे, गरम पाणी पाहिजे, रात्री दोनला फोन आला तर बाहेर पडायला किल्ली पाहिजे. दर थोडा कमी ठेवा, मुक्काम मोठा असतो. फक्त तुमचा जिना बाहेरून आणि वरचा मजला, म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाला चढवू नका. फोनवरच विचारून घ्या.

राकसकोप
दवाखान्याच्या माणसांकडून पैसे कमवायचे हे मला पटत नाही.

कॅम्पातला
@राकसकोप, कमी पैशात स्वच्छ जागा देणं यात न पटण्यासारखं काय? माझ्या चुलत्याच्या वेळी आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर रात्री काढल्या आहेत. तेव्हा कुणी शेगडी असलेली खोली दिली असती तर आनंदानं पैसे दिले असते.

राकसकोप
हे पटलं.

हिशेबनीस
कागदांचं मी सांगतो, माझं रोजचं काम तेच.

१. कर्नाटकात होमस्टेची नोंदणी पर्यटन खात्याकडे होते. होमस्टे म्हणजे घरमालक तिथं राहतोय आणि घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देतोय, ही मूळ अट ध्यानात ठेवा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची वेगळी बेड अँड ब्रेकफास्ट योजना आहे, १ ते ६ खोल्या, चांदी आणि सोनं असे दोन दर्जे, तिथंही कुटुंब त्याच घरात राहायला पाहिजे. तुमच्या दोन्ही घरांत माणसं राहतात, त्यामुळे तुमचं काम सोपं. पुण्यात बसून गावचं बंद घर चालवणाऱ्यांना इथंच अडतं.

२. घराचा कागद. शहरात महापालिकेचा उतारा आणि कर भरल्याची पावती. गावात घर गावठाणात आहे का ते बघा, ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीचे मालमत्तेचे ऑनलाईन उतारे) नमुना ९ आणि ११ काढून घ्या. घर शेतजमिनीत असेल आणि बिगरशेती झालेली नसेल तर आधी ते काम.

३. जेवण देणार असाल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी पुरते.

४. जीएसटी. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतःची नोंदणी लागत नाही. तुमची नोंदणी नसेल तर साईटवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी साईट भरते. ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झालाय. पाहुणा विचारतो, तेव्हा माहीत असू द्या. साईटला पॅन द्या, नाहीतर जास्त टीडीएस कापला जातो.

५. पाहुण्यांचं रजिस्टर. नाव, पत्ता, फोन, कुठून आले, कुठं चालले, ओळखपत्र, सही. आधारची प्रत घेणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेली मागा, आणि ती व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे पाठवत बसू नका. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती देणारा ऑनलाईन फॉर्म (आधीचा सी फॉर्म) भरायचा. तो अर्धा दिवसही पुढे ढकलू नका. बेळगावात शिकायला आलेली मलेशियन मुलं आपण कितीतरी वर्षं बघितली आहेत, त्यांचे आई-वडील येतात. म्हणजे हा फॉर्म टिळकवाडीतही लागू शकतो.

लाईटच्या मीटरचा प्रकार बदलावा लागेल का, हे तुमच्या सेक्शन ऑफिसात अर्ज देऊन लेखी विचारा. तोंडी उत्तरावर राहू नका.

सीमावासी
बोर्डाचं कुणी बोललंच नाही. पाटी लावणार असाल तर ६० टक्के भाग कन्नडमध्ये पाहिजे, २०२४ पासून राज्यात तसा कायदा आहे. मराठी आपल्या घरावर आपल्याला...

(पुढे अठरा प्रतिसाद सीमाप्रश्नावर. व्यवस्थापकांनी ते दुसऱ्या धाग्यावर हलवले.)

व्यवस्थापक
मंडळी, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं जरूर लिहा. इथं ताईंना खोली भाड्यानं द्यायची आहे.

मलप्रभेकाठी
पाटीचं मी कामापुरतं सांगते. आम्ही कन्नड वर मोठं, खाली मराठी आणि इंग्रजी असं करून घेतलं, पेंटरला मापं आधीच सांगितली. आजवर कुणी काही म्हटलं नाही. आणि एक बघा, खानापूर तालुक्यात येणारा निम्मा पाहुणा कन्नड बोलणारा असतो. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. त्यांना १८३१ साली २६ जानेवारीला तिथं फाशी दिली. त्या दिवशी आणि १५ ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, धारवाड-हुबळी-बागलकोटकडून माणसांची रीघ लागते. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला कदंब राजांचा इतिहास शिकलेली मंडळी येतात. आमच्या सासूबाई त्यांच्याशी कन्नडात इतक्या गोड बोलतात की ती माणसं दुसऱ्या वर्षी फोन करून ‘अज्जी हायत का’ असं आधी विचारतात, खोली रिकामी आहे का ते नंतर.

कोल्हापुरी_पाहुणा
मी पाहुण्यांच्या बाजूनं. चोर्ल्यानं गोव्याला नेहमी जातो. ताई, तुमच्याकडे तांबडा-पांढरा मिळणार का? एवढं सांगा, बाकीचे कागद तुम्ही बघा 😄

घाटवाट
@कोल्हापुरी_पाहुणा, तांबडा-पांढरा खायला कोल्हापूर सोडून जांबोटीला कशाला येताय! इकडे आलात तर गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी.

कोल्हापुरी_पाहुणा
आलोच. गाडी काढली.

शहापूरची_सून
मांसाहार नसेल तर लिस्टिंगमध्ये पहिल्या ओळीत लिहा. आमच्याकडे होत नाही, आम्ही तसं लिहिलंय, तरी लोक येतात. नाश्त्याला आम्ही पोहे-उप्पीट ठेवतो आणि निघताना छोट्या डबीत कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, देतो. खर्च फारसा नाही, पण रिव्ह्यूत दर दुसऱ्या माणसानं कुंद्याचं लिहिलेलं असतं.

चादरींचं सांगते. प्रत्येक बिछान्याला तीन जोड पाहिजेत. एक अंथरलेला, एक धुलाईला, एक कपाटात. पांढऱ्याच घ्या. रंगीत चादरीवर डाग दिसत नाही म्हणून लोक घेतात, पण पाहुण्याला तोच संशय येतो, आणि पांढरी ब्लीचमध्ये घालता येते. फक्त हळदीचे डाग ओले असताना साबण लावू नका, लालभडक होतात. आधी उन्हात टाका, उन्हानंच निम्मे जातात. टॉवेल जाड घेऊ नका, पावसात वाळत नाहीत. पातळ पंचे माणशी दोन ठेवले तर कुणाची तक्रार नाही.

जुनी_वाट
इतका वेळ सगळे चांगलं चांगलं सांगतायत. मी दोन वर्षं करून बंद केलं, ताईंनी विचारलंय म्हणून सांगते. आमच्याकडे वाद झाला तो पाहुण्यांशी नाही, शेजाऱ्यांशी. गल्ली अरुंद, पाहुण्याची मोठी गाडी शेजाऱ्यांच्या फाटकासमोर. रात्री साडेअकराला उतरलेली माणसं जिन्यावर मोठ्यानं बोलतात, कारण ती सुट्टीवर असतात आणि शेजारचे काका सकाळी पाचला उठणारे. एके दिवशी तक्रार पोलिसांत गेली. कागद सगळे होते, म्हणून पुढे काही झालं नाही, पण तीस वर्षांचा शेजार गेला. ते मला सहन झालं नाही.

टिळकवाडीत करणार असाल तर पहिली खोली सजवायच्या आधी दोन्ही बाजूच्या घरी जाऊन बसा. गाडी कुठं लागेल ते दाखवा. दहानंतर गच्चीवर कुणी जाणार नाही हा शब्द द्या आणि पाळा. तुमचा फोन नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटलेला असू दे.

निपाणी_नाका
@जुनी_वाट, मी हिशेबात हे धरलंच नव्हतं. याची किंमत रुपयात मांडता येत नाही.

भाऊबंद
आणखी एक. माहेरचं घर कुणाच्या नावावर आहे? वडिलांच्या एकट्याच्या, की काका-आत्यांचीही नावं उताऱ्यावर आहेत? आमच्या घरी आजोबांच्या नावावरचं घर, सहा वारस. घर पडत होतं तेव्हा कुणी फिरकलं नाही. मी संडास-बाथरूम बांधलं, पाहुणे यायला लागले, तेव्हा मुंबईहून फोन आला की आमचा हिस्सा किती. बरं, त्यांचंही चूक नाही, हक्क आहेच. तेव्हा आधी सगळ्यांना एकत्र बसवून लिहून घ्या. खर्च कोण करणार, उत्पन्न कुणाचं, गणपतीत आणि मे महिन्यात घर कुणासाठी मोकळं. स्टॅम्पपेपर आणि सह्या. प्रेमानं मागितल्या तर लोक करतात, पैसे दिसू लागल्यावर करत नाहीत.

जांबोटीची_लेक
घर बाबा आणि काकांच्या नावावर आहे. काका गेले, चुलतभाऊ मडगावला. बरं झालं सांगितलंत, गणपतीच्या आधीच त्याच्याशी बोलते.

रानवाट
जांबोटी-कणकुंबी म्हटलं की पाहुणा विचारणार, इथं बघायला काय आहे. त्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं असतं, त्याच्या मोबाईलनं नाही.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. आत विनापरवाना जाणं गुन्हा आहे आणि पाहुण्याला तिथं पाठवणं ही तुमची जबाबदारी होते. तिथल्या बारापेडेच्या गुहांमध्ये जगात फार कमी ठिकाणी सापडणारं वटवाघूळ राहतं, रॉटनचं मुक्तशेपूट वटवाघूळ म्हणतात. तिथं कुणी टॉर्च घेऊन शिरावं असं जंगलावर प्रेम असलेल्या माणसाला वाटणार नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असते. ‘मागच्या वाटेनं जाता येतं’ असं पाहुण्याला सांगणारा गावातला पोरगा भेटतोच. त्या पोराला तुमच्याकडे कामाला ठेवा, म्हणजे तो दुसरं सांगेल. हे मी खरंच सुचवतोय. वाट दाखवणाऱ्या पोराला दिवसाचे पैसे मिळाले की तोच जंगल राखायला लागतो.

कणकुंबीला माऊलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे. तिथं सकाळी घेऊन जा. संध्याकाळनंतर अस्वल आणि गवे रस्त्यावर येतात, जेवण झाल्यावर शतपावली अंगणातच. शेकोटी अंगणात, लहान, झोपायच्या आधी पाणी ओतून. स्पीकर नाही.

मार्च २०२५ मध्ये कोप्पळ जिल्ह्यात सणापूरजवळ रात्री कालव्याकाठी बसलेल्या पाहुण्यांवर आणि त्यांना घेऊन गेलेल्या होमस्टेच्या बाईंवर हल्ला झाला, एक तरुण गेला. तेव्हापासून आम्ही पाहुण्यांना अंधारात कुठंही नेत नाही. तारे आमच्या अंगणातूनही दिसतात.

घाटवाट
@रानवाटशी शंभर टक्के सहमत. गोव्याहून परतणाऱ्यांचं एक राहिलं. गाडीत गोव्याच्या दारूच्या बाटल्या असतात. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते आणि त्यातून वाचलेला माणूस तुमच्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवायला बघतो. घरात ठेवून घेऊ नका. सापडल्या तर घर तुमचं.

नवखा_००७
लग्न न झालेल्या जोडप्यांना खोली द्यायची का?

शहापूरची_सून
आम्ही देत नाही. घरात म्हातारी माणसं आहेत.

कॅम्पातला
आम्ही देतो. दोघं सज्ञान, दोघांची ओळखपत्रं, रजिस्टरला दोघांच्या सह्या. कायद्यानं त्यात गैर काही नाही. ज्यांना द्यायचं नाही त्यांनी लिस्टिंगमध्ये आधी लिहावं, दारात उभं करून रात्री परत पाठवू नये. परगावच्या रस्त्यावर रात्री दहाला मुलगी कुठं जाईल याचा विचार करा.

शहापूरची_सून
@कॅम्पातला, हे मात्र खरं. लिहून टाकते आजच.

पहिला_रिव्ह्यू
ऑनलाईनचं थोडं सांगतो. फोटो सकाळी नऊच्या उन्हात, खिडक्या उघडून. गादी, बाथरूम, शेगडी, जिना, गाडी लावायची जागा, हे पाच फोटो पाहिजेतच. बाथरूमचा फोटो नसला की बायका पुढे जात नाहीत. सुरुवातीला दर थोडा कमी ठेवा, पहिले आठ-दहा रिव्ह्यू येईपर्यंत. एअरबीएनबीवर तुमचा आणि पाहुण्याचा रिव्ह्यू, दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवस झाल्यावरच उघडतो, तेव्हा तो काय लिहील या भीतीनं थांबू नका. सुपरहोस्टसाठी (चांगल्या यजमानाला साईट देते तो दर्जा) रिव्ह्यूची सरासरी ४.८, उत्तरं ९० टक्के, आणि तुमच्याकडून रद्द केलेली बुकिंगं १ टक्क्याच्या आत लागतात. म्हणून आते-मामे येणार असतील त्या तारखा आधी बंद करा, घेतलेलं बुकिंग मोडू नका.

दोन साईटवर टाकलंत तर कॅलेंडर एकमेकांना जोडा. तरी ते लगेच बदलत नाही, मध्ये वेळ जातो. अधिवेशनासारख्या गर्दीच्या दिवसांत एकाच साईटवर ठेवा.

राकसकोप
उन्हाळ्यात पाण्याचं काय? नळाला रोज पाणी नसतं. सुट्टीवरचा माणूस अर्धा तास शॉवरखाली उभा राहतो.

कॅम्पातला
वरच्या मजल्याला वेगळी टाकी आणि वेगळी मोटर. एकच टाकी असली तर पाहुण्यांच्या अंघोळीनंतर खाली घरच्यांना भांडी घासायला पाणी नाही. शॉवर काढा, बादली-मग ठेवा. परेडला येणाऱ्या मंडळींना बादलीच आवडते.

जांबोटीची_लेक
सगळं वहीत उतरवून घेतलं, ह्यांनीही वाचलं. काल रात्री जेवणं झाल्यावर बसून ठरवलं ते सांगते.

टिळकवाडी आधी. अख्खा मजला एका वेळी एकाच कुटुंबाला. दवाखान्याची माणसं, परेडला येणारे पालक, कॉलेजचे पालक. पेशंट स्वतः असेल तर जिन्याचं आधी सांगणार. शॉवर काढून टाकणार, टाकी वेगळी. दोन्ही शेजाऱ्यांकडे मी परवाच जाऊन आले. डावीकडच्या काकूंनी विचारलं की त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला जावईबापू आले तर खोली मिळेल का. म्हणजे पहिलं बुकिंग शेजारचंच 😊 त्यांच्याकडून पैसे घेणार नाही.

जांबोटीला आत्ता फक्त संडास-बाथरूम बांधायचं, मेमध्ये शाकारणी, आणि चुलतभावाशी लिहून घ्यायचं. तो फोनवर म्हणाला, बांधायला मीही पैसे घालतो. बाबांना अजून पाहुण्यांचं सांगितलेलं नाही. त्यांनी हो म्हटलं तरच दिवाळीनंतर एक खोली. आईनं आधीच हो म्हटलंय, ती भाकऱ्यांचं पीठ मोजायला बसली आहे.

एकच प्रश्न राहिला. @घाटवाट, ते चेनवालं गादीचं कव्हर तुम्ही कुठून घेतलंत? खडेबाजारात तीन दुकानं फिरले, सगळीकडे कापडाचंच आहे.

घाटवाट
खडेबाजारात मिळणार नाही. हॉस्पिटलला सामान पुरवणाऱ्यांकडे विचारा. गादीची लांबी-रुंदी आणि जाडी, तिन्ही मापं लिहून न्या, जाडी विसरलात तर चेन लागत नाही. आणि एक जादा घ्या.